डाव्या खुर्चीपर्यंतचे अंतर

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक शेजारी बसतात. डावीकडे कॅप्टन आणि उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. परवाना दोघांकडे असतो आणि विमान उडवता-उतरवताही दोघांना येते. एक फेरी एकाने चालवायची आणि पुढची दुसऱ्याने, अशी पाळीही बहुतेक ठिकाणी असते. तरी शेवटचा शब्द डावीकडच्याचा. उजव्या खुर्चीवरून डाव्या खुर्चीवर जायला किती अनुभव लागतो, किती लागायला हवा आणि तो मोजायचा कसा, हा या अभ्यासाचा विषय आहे. या विषयात पहिल्यांदाच येणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

हा वाचक कुणीही असू शकेल. गोंदियाच्या किंवा बारामतीच्या प्रशिक्षण संस्थेत शिकणारी मुलगी असेल, तिच्या फीसाठी कर्ज काढणारे आईवडील असतील, मानसशास्त्राचा किंवा संख्याशास्त्राचा विद्यार्थी असेल. विमान ढगांत हलू लागले की ‘पुढे कोण बसले आहे?’ असे मनात म्हणणारा प्रवासीही असेल. या सगळ्यांचे इथे स्वागत आहे. या विषयाला गणित लागते, कायदा लागतो आणि माणसांची पारखही लागते. त्यामुळे कोणत्याही एका विद्याशाखेची त्यावर मालकी नाही.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण नव्या माणसाचा पहिला प्रश्न आकड्याचाच असतो. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने, म्हणजे आयकाओने, वैमानिकांच्या परवान्यांची मानके १९४८ मध्ये प्रथम स्वीकारली. आजच्या मानकांनुसार व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, किमान वय १८ आणि सर्वसाधारणपणे २०० तासांचे उड्डाण लागते. प्रवासी विमानाचा कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना हवा. त्याला वय २१ आणि १,५०० तास. भारताच्या नागरी उड्डाण नियामकाचे, म्हणजे डीजीसीएचेही, मूळ आकडे हेच आहेत. युरोपात या १,५०० पैकी ५०० तास दोन वैमानिकांनी चालवायच्या विमानांवरचे असावे लागतात. अमेरिकेत पूर्ण परवान्यासाठी वय २३ लागते. शिवाय कॅप्टन होण्याआधी हवाई वाहतुकीच्या नियमित कामात १,००० तास काढलेले असावे लागतात. दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत वयाची मर्यादा ६५ वर्षांची आहे.

कायद्याचा आकडा हा तळ असतो. विमान कंपन्या त्यावर आपापली अट चढवतात. कुठे ती दोन-तीन हजार तासांची असते, कुठे पाच हजारांच्या आसपास, आणि त्यातले किती तास त्याच प्रकारच्या विमानावर झालेले असावेत हेही ठरलेले असते. भारतात वैमानिकाला वर्षाला १,००० तासांहून जास्त उडता येत नाही. वर्षाला सात-आठशे तास उडणारा सहवैमानिक दोनशेवरून पंधराशेवर दोन वर्षांत पोहोचू शकतो. तीन-चार हजारांवर जायला त्याला चार-पाच वर्षे लागतील. ‘कॅप्टन व्हायला किती वर्षे लागतात?’ या घरगुती प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता येत नाही.

आता खरी अडचण सांगतो. भारतात आणि युरोपात सीपीएल मिळवलेला, त्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, मिळवलेला दोन-अडीचशे तासांचा तरुण थेट एअरबस ३२० च्या उजव्या खुर्चीवर बसू शकतो. अमेरिकेत असे चालत नाही. तिथे सहवैमानिकालाही १,५०० तास लागतात. लष्करी वैमानिकांना ७५० आणि मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना १,००० अशी सवलत आहे, पण दोनशे तासांवर प्रवासी जेटचे दार उघडत नाही. तरीही पश्चिम युरोप आणि अमेरिका हे दोन्ही जगातले अत्यंत सुरक्षित हवाई प्रदेश आहेत. उजव्या खुर्चीच्या अटीत सहा-सात पटींचा फरक असूनही दोन्हीकडची विमाने सुखरूप उतरतात, याचा अर्थ काय लावायचा? या प्रश्नाशी थोडा वेळ थांबल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही.

अमेरिकेचा नियम आला कुठून, ते पाहिले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे बॉम्बार्डियर क्यू४०० विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा देत कंट्रोल कॉलम हादरू लागला, तेव्हा नाक खाली करायच्या ऐवजी कॅप्टनने कॉलम मागे ओढला. मृतांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. त्यातूनच २०१३ पासून सहवैमानिकांना १,५०० तासांची अट लागू झाली. पण त्या विमानातल्या कॅप्टनकडे ३,३७९ तास होते आणि सहवैमानिकाकडे २,२४४. नवी अट त्या दोघांनाही अडवू शकली नसती. क्यू४०० वर मात्र कॅप्टनचे केवळ १११ तास झाले होते, आणि आधीच्या काही चाचण्यांत तो नापासही झाला होता. त्याच कायद्याने वैमानिकांच्या जुन्या नोंदी नव्या मालकाला दिसतील अशी सोय केली आणि थकव्याविषयीचे नियम कडक करायला लावले. या तरतुदी अपघाताच्या कारणांच्या जास्त जवळच्या होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पंधराशेचा आकडा. कुटुंबीयांच्या दुःखाबद्दल आणि चिकाटीबद्दल पूर्ण आदर बाळगूनही अभ्यासकाने हा फरक स्पष्ट सांगितला पाहिजे.

तास मोजतात तरी काय? वैमानिकाच्या लॉगबुकात वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ कशी गेली हे त्या रकान्यांतून पुरते कळत नाही. मुंबई-दिल्ली-मुंबई करणारा वैमानिक दोन तासांत एक उड्डाण आणि एक अवतरण पाहतो. हजार तासांत अशा सुमारे पाचशे फेऱ्या होतात. पावसाळ्यातली मुंबई आणि धुक्यातली दिल्ली हे दोन्ही त्यांत येते. मुंबईहून न्यूअर्कला पंधरा-सोळा तास जाणाऱ्याचे हजार तास साठ-पासष्ट फेऱ्यांतच भरतात. तिथे वैमानिक चार असतात, त्यामुळे स्वतःच्या हाताने विमान उतरवण्याची पाळी त्याहूनही विरळा. अमेरिकेत पंधराशे तासांची भरती पुष्कळदा लहान विमानात विद्यार्थ्यांना शिकवून होते. दुसऱ्याची चूक वेळेत ओळखण्याची सवय त्यातून लागते, आणि ती पुढे फार उपयोगी पडते. पण ढगांच्या वर जेट कसे वागते, हे त्यातून कळत नाही. म्हणून या क्षेत्रातला पहिला धडा असा, की ‘किती तास?’ असे विचारले की लगेच ‘कशाचे, कुठले, कोणाबरोबरचे आणि केव्हाचे?’ असेही विचारावे.

स्वरसाधनेत हेच आपण सहज मानतो. गवयाने किती तास रियाज केला, यापेक्षा गुरूने चूक दाखवल्यावर ती जागा किती वेळा घोटली, याला आपण मोल देतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर केलेला १९९३ चा अभ्यास याच दिशेचा आहे. जाणीवपूर्वक, दुरुस्तीसह केलेला सराव आणि नुसती लोटलेली वर्षे यांत त्यांनी भेद केला. पुढे त्याचे ‘दहा हजार तास’ असे सुटसुटीत सूत्र लोकांनी केले, आणि भेद हरवून आकडा उरला. वैमानिकांच्या बाबतीतही तेच होण्याचा धोका आहे.

त्याच प्रकारच्या विमानावरच्या अनुभवाचे महत्त्व दाखवणारी एक घटना प्रत्येक नव्या अभ्यासकाला माहीत असावी. १५ नोव्हेंबर १९८७ ला डेन्व्हरहून बर्फाच्या वादळात कॉन्टिनेंटलचे डीसी-९ उडाले आणि लगेच कोसळले. ८२ पैकी २८ जण दगावले. कॅप्टनकडे बारा हजारांवर तास होते, पण डीसी-९ चा कॅप्टन म्हणून केवळ ३३. सहवैमानिकाचे डीसी-९ वर ३६ तास झाले होते, आणि उड्डाण तोच करत होता. दोघेही आपापल्या जागी नवखे. अशा आणखी काही घटनांनंतर अमेरिकेत नियम आला, की दोघांपैकी निदान एकाचे त्या विमानावर ७५ तास झालेले असलेच पाहिजेत. त्या विमानाचा कॅप्टन म्हणून शंभर तास पूर्ण होईपर्यंत नव्या कॅप्टनला खराब हवेत इतरांपेक्षा जास्त दृश्यमानता लागते, हाही त्याच विचाराचा नियम. पद मिळाले म्हणजे सगळे आले असे इथे कायदाही मानत नाही. नवेपण वेगवेगळ्या चमूंत विभागले जावे, एकाच कॉकपिटमध्ये साचू नये, हे शहाणपण त्यामागे आहे.

ते शहाणपण कसे काम करते, याचे उदाहरण म्हणून १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर प्रवासी विमान उतरवल्याची घटना वाचावी. कॅप्टन सुलेनबर्गर यांच्याकडे १९,६६३ तास होते आणि त्यांतले चार हजार सातशेहून अधिक एअरबस ३२० वरचे. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांचे एकूण तास पंधरा हजारांवर, पण ए३२० वर अवघे ३७. पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झाल्यावर विमान कॅप्टनने हातात घेतले. नुकतेच प्रशिक्षण आटोपलेल्या स्काइल्स यांच्या मनात आपत्कालीन सूचना ताज्या होत्या, त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याची यादी हाती घेतली. १५५ माणसे वाचली. एकाकडे त्या विमानाचा मुरलेला अनुभव होता, दुसऱ्याकडे ताजी उजळणी. दोन्ही गोष्टी त्या साडेतीन मिनिटांत कामी आल्या.

जास्त अनुभव म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरण वरच्या टोकालाही सरळ राहत नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात केएलएम आणि पॅन अॅमची दोन ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. हवाई इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात. परवानगी न मिळता निघालेले केएलएमचे विमान चालवणारा कॅप्टन साधा माणूस नव्हता. कंपनीचा ७४७ च्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता तो. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, पोर्टलंडजवळ युनायटेडचे डीसी-८ चाकांच्या बिघाडाचा विचार करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. कॅप्टनकडे सत्तावीस हजारांहून अधिक तास होते. इंधन उतरत चालल्याचे इतरांना दिसत होते. त्यांनी ते सांगितलेही, पण ऐकावेच लागेल इतक्या स्पष्टपणे नाही.

इथून या विद्याशाखेचा अर्वाचीन काळ सुरू होतो. १९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधल्या साधनांच्या व्यवस्थापनावर कार्यशाळा घेतली. साधनांत यंत्रे होती, आणि त्याहून महत्त्वाची माणसे. त्याच वर्षी ह्यू पॅट्रिक रफेल स्मिथ यांचा सिम्युलेटरमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. ७४७ च्या अनुभवी चमूंना एकाच अडचणीत टाकले असता त्यांच्या कामगिरीत फार मोठा फरक पडला. तो फरक हातांच्या कौशल्याने कमी आणि नेतृत्वाने जास्त समजत होता. १९८१ मध्ये युनायटेडने यावर आधारित प्रशिक्षण सुरू केले. आज जगभर त्याला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतात. टेक्सास विद्यापीठाचे रॉबर्ट हेल्मरिक आणि नासाचे जॉन लॉबर या मंडळींनी पुढे हा विचार वाढवला. चमूंच्या कामाचे अभ्यासक रिचर्ड हॅकमन यांच्या परंपरेतल्या रॉबर्ट जिनेट यांनी कॅप्टन आपल्या चमूशी उड्डाणापूर्वीच्या पहिल्या काही मिनिटांत कसे बोलतो, याचे निरीक्षण केले. चांगले कॅप्टन त्या मिनिटांतच ‘शंका आली तर बोला’ हे वातावरण तयार करतात, असे त्यांना आढळले.

या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता दस्तऐवज म्हणजे अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेचा १९९४ चा अभ्यास. १९७८ ते १९९० या काळातले, वैमानिकांच्या चुका असलेले ३७ मोठे अपघात त्यात तपासले आहेत. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान प्रत्यक्ष कॅप्टन चालवत होता. फेऱ्या दोघांत साधारण निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात, हे लक्षात घेतले की हा आकडा विलक्षण ठरतो. ज्याचा अनुभव जास्त, त्याच्या हातात विमान असताना अपघात जास्त? याचा एक उलगडा असा आहे. सहवैमानिक चालवत असतो तेव्हा कॅप्टन लक्ष ठेवतो आणि चूक दिसताच बेधडक बोलतो. कॅप्टन चालवत असतो तेव्हा लक्ष ठेवणारा कनिष्ठ असतो, आणि तो अडखळतो. त्याच अभ्यासात, ज्यांची माहिती मिळाली अशा अपघातांपैकी ७३ टक्के त्या दोघांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी घडले होते, आणि ४४ टक्के एकत्र केलेल्या पहिल्याच उड्डाणात. हा पुरावा एकटा नव्हता. क्लेटन फूशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले होते, की ताजेतवाने पण एकमेकांना अपरिचित असलेल्या चमूंपेक्षा थकलेले पण नुकतेच एकत्र उडालेले चमू सिम्युलेटरमध्ये सरस ठरले.

या सगळ्याचा एकत्र विचार केला, की मला जे म्हणायचे आहे ते सरळ समोर येते. कॅप्टनचा अनुभव शेजारच्या माणसाच्या डोळ्यांना आणि जिभेला मोकळीक देत असेल, तरच तो पुरेसा. तो शेजाऱ्याला गप्प बसवू लागला, तर वीस हजार तासही कमी पडतात.

हे आपल्याकडेही घडले आहे आणि आपल्याच माणसांनी ते नोंदवले आहे. २२ मे २०१० ला एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले बोइंग ७३७ मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते मराठी वाचकांना परिचित असलेले एअर मार्शल भूषण गोखले. अहवाल सांगतो, की दहा हजारांहून अधिक तास उडालेला कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता. उतरताना विमान फार उंच आणि वेगात होते. साडेतीन हजारांहून अधिक तास उडालेल्या सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायला, सांगितले. तरीही कॅप्टनने विमान उतरवले. दोघांचेही तास कायद्याच्या अटीच्या दुपटीहून जास्त होते. उजवीकडचा निर्णय बरोबर होता, डावीकडे तो पोहोचला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडच्या अशाच धावपट्टीवर पावसात त्याच कंपनीचे विमान दुसऱ्या प्रयत्नात, मागून वारा असताना, जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकले आणि पुढे जाऊन कोसळले. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकही. याही कॅप्टनकडे दहा हजारांवर तास होते आणि याही वेळी शेजारून गो-अराउंडची हाक आली होती. तपास अहवालातली एक नोंद मात्र या विषयाच्या अभ्यासकाने नीट वाचावी. त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे नेमलेला कॅप्टन एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही त्याच कॅप्टनच्या नावावर होते, आणि कोळिकोडलाच उतरण्याच्या ओढीमागे हे एक कारण अहवालाने मांडले आहे. म्हणजे डाव्या खुर्च्यांचे मनुष्यबळ कसे आखले जाते, याचा परिणाम पावसातल्या त्या काही सेकंदांपर्यंत पोहोचतो. ज्यांचा जीव गेला त्यांच्यावर दोष ठेवण्यासाठी हे अहवाल वाचायचे नसतात. पुढच्या कॅप्टनला ‘आज नाही उतरत’ असे म्हणणे सोपे व्हावे, म्हणून ते वाचायचे.

कॅप्टनचे काम ‘अधिक चांगले विमान चालवणे’ असे समजणाऱ्यांनी त्याचा दिवस पाहावा. विमानात एखादी यंत्रणा बिघडलेली आहे, नियमांनुसार तशीही ती चालते, पण आजच्या हवेत न्यायची का? इंधन कागदावरच्या हिशेबाइतके घ्यायचे की वीस मिनिटे जास्त? मुंबईवर ढग साठले आहेत, तर वाट पाहायची की अहमदाबादला जायचे? प्रवासी दंगा करतो आहे. १९६३ च्या टोकियो कराराने विमानाच्या प्रमुखाला त्याला आवरण्याचे अधिकार दिले आहेत, ते वापरायचे कधी? कमांड अपग्रेडच्या प्रशिक्षणात, म्हणजे सहवैमानिकाचा कॅप्टन घडवताना, सिम्युलेटरमध्ये अशाच गुंतागुंतीच्या फेऱ्या दिल्या जातात. मग प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष उड्डाणे आणि शेवटी चाचणी. आयकाओने २०१३ पासून पुढे आणलेल्या पुराव्याधारित प्रशिक्षणात तर निर्णय घेणे, संवाद, परिस्थितीचे भान, कामाचा भार वाटणे या क्षमता विमान हाताने चालवण्याच्या बरोबरीने तपासल्या जातात. तास मोजण्याकडून क्षमता मोजण्याकडे जाणारा हा प्रवास अजून अर्ध्यावर आहे. नव्या संशोधकांना इथे भरपूर काम आहे.

अनुभव अनपेक्षित वाटांनीही येतो, हेही सांगितले पाहिजे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या ७६७ मधले इंधन एककांच्या गोंधळामुळे वाटेतच संपले. कॅप्टन बॉब पिअर्सन हे ग्लायडर उडवणारे होते. त्यांनी त्या अवाढव्य विमानाला तिरके घसरवत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. कोणत्याही कंपनीच्या अटींत ग्लायडरचा रकाना नव्हता. १९ जुलै १९८९ ला सू सिटीला अल हेन्स यांच्या डीसी-१० च्या नियंत्रणाच्या सर्व हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, तेव्हा प्रवासी म्हणून आलेल्या प्रशिक्षक वैमानिकाला त्यांनी कॉकपिटमध्ये बोलावून थ्रॉटल त्याच्या हाती दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर याचे श्रेय सीआरएमला आणि साऱ्या चमूला देत राहिले.

कोण किती लवकर कॅप्टन होतो, हे गुणवत्तेइतकेच बाजारावरही ठरते. मोठ्या कंपन्यांत ज्येष्ठतेची यादी असते. कंपनी वाढत असेल तर यादी भराभर सरकते, मंदी आली तर वर्षानुवर्षे गोठते. एकसारखाच वैमानिक एका दशकात पाच वर्षांत डावीकडे जातो आणि दुसऱ्या दशकात पंधरा वर्षे थांबतो. भारतात विमाने वेगाने वाढली तेव्हा सहवैमानिक पुष्कळ आणि कॅप्टन कमी, अशी अवस्था पुन्हा पुन्हा आली. परदेशी कॅप्टनांना तात्पुरती परवानगी देऊन ती निभावली गेली. सहवैमानिक पैशाने आणि परीक्षांनी दीड-दोन वर्षांत तयार होतो. कॅप्टनला मात्र त्यानंतर काही पावसाळे आणि काही हिवाळे लागतातच. ते विकत घेता येत नाहीत.

आपला इतिहासही या अभ्यासाला जोडून वाचण्यासारखा आहे. १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते एकट्याने. सहवैमानिक नव्हता, रेडिओही नव्हता. अर्ध्या शतकानंतर, १९८५ मध्ये, इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिलचर मार्गावर देशातल्या पहिल्या सर्वमहिला चमूच्या उड्डाणाचे नेतृत्व केले. त्या फोकर विमानात उजवीकडे निवेदिता भसीन होत्या. १९९० च्या पहिल्या दिवशी त्याच निवेदिता भसीन, वयाच्या २६ व्या वर्षी, मुंबई-औरंगाबाद-उदयपूर उड्डाणाच्या कॅप्टन म्हणून बोइंग ७३७ मध्ये डावीकडे बसल्या. एवढ्या तरुण वयात जेटचे नेतृत्व तोवर जगात कोणत्याही स्त्रीने केले नव्हते. वय आणि पक्वता यांचे नाते आपण समजतो तितके घट्ट नाही, हे यावरून दिसते.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्याला माझा सल्ला थोडक्यात असा. मूळ अहवाल वाचा. भारताचा एएआयबी, अमेरिकेचा एनटीएसबी, फ्रान्सचा बीईए या अपघात-तपास संस्थांचे अहवाल सर्वांना खुले आहेत, आणि वर्तमानपत्री सारांशापेक्षा ते कितीतरी न्यायी असतात. निष्कर्ष आधी न वाचता घटनाक्रम वाचा आणि प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होते ते विचारा, म्हणजे पश्चातबुद्धीची सवय मोडेल. अपघातांच्या आकड्यांबरोबर न झालेल्या अपघातांचा छेदही मागा. दहा हजार तासांच्या कॅप्टनचे अपघात जास्त दिसतात ते त्यांच्या हातून उड्डाणेच जास्त होतात म्हणून का, हे तपासल्याशिवाय विधान करू नका. गो-अराउंड करून सुखरूप परतलेल्या उड्डाणांची बातमी होत नाही, पण या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा तिथेच आहे. वैमानिकांशी बोला, कॅप्टनांशी बोला, आणि सहवैमानिकांशी तर नक्कीच बोला, कारण उजवीकडून जे दिसते ते लॉगबुकात उतरत नाही.

माझे स्वतःचे मत लपवत नाही. किमान तासांची अट राहिलीच पाहिजे. ती काढली तर नफ्याच्या दबावाला अडवणारे काहीच उरणार नाही. पण ती गाठली म्हणजे माणूस तयार झाला, असे कंपन्यांनी आणि नियामकांनी मानू नये. नव्या कॅप्टनबरोबर पहिले काही महिने मुरलेला सहवैमानिक द्यावा, उतरण्याचा प्रयत्न सोडून देणाऱ्याला जाब विचारू नये, आणि कमांडच्या चाचणीत ‘याच्या शेजारी बसलेला तरुण याला चूक सांगू शकेल का?’ याला गुण असावेत. हे कसे मोजायचे, याचे समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. मराठी मुले-मुली आज डझनावारी उजव्या खुर्चीवर बसत आहेत. मराठी संशोधकांनी त्यांच्या अनुभवाकडे शास्त्राच्या नजरेने पाहिले, तर ते उत्तर इथूनही निघू शकेल. या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.